सभागृहात मिळालेले उत्तर कसे वाचावे?

संसदेचे अधिवेशन सुरू झाले की रोज संध्याकाळी मोबाइलवर सभागृहातल्या चित्रफिती फिरू लागतात. कोणत्या खासदाराने मंत्र्यांना कसे निरुत्तर केले, मंत्र्यांनी विरोधकांना कसे सुनावले, कोणाचा माइक बंद होता, यावर दोन दिवस चर्चा होते. त्याच दिवशी सरकारने राष्ट्रीय धोरणाच्या किती प्रश्नांना लेखी उत्तरे दिली, त्यांत काय कबूल केले आणि कशाला बगल दिली, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. सातारा-सांगलीच्या वाचकाने तर ते आवर्जून पाहायला हवे. उसाची एफआरपी (कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर), साखरेची किमान विक्री किंमत, बेदाण्यावरचा जीएसटी, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची हे सगळे विषय दिल्लीत सुटतात किंवा दिल्लीतच अडकतात, आणि त्यांचे पुढे काय झाले याचा सर्वांत खात्रीचा लेखी पुरावा प्रश्नोत्तराच्या तासातच मिळतो.

उत्तर देणे ही मंत्र्यांची मेहेरबानी आहे का?

नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५(३) नुसार केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. राज्यात हीच तरतूद अनुच्छेद १६४(२) मध्ये आहे आणि तिथे मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते. सभागृहाचा विश्वास उडाला तर सरकारला जावे लागते, म्हणून सभागृहाने विचारलेल्या प्रश्नाला सामोरे जाणे हा सरकारच्या कामाचाच भाग ठरतो.

हा हक्क एका दिवसात मिळालेला नाही. इंग्रजी अमदानीत १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातल्या सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. पण उत्तर कितीही अपुरे असले तरी त्यावर पुन्हा काही विचारता येत नव्हते. मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्न विचारण्याचा अधिकार १९०९ मध्ये मिळाला आणि १९१९ च्या सुधारणांनंतर तो सर्व सदस्यांना मिळाला. पहिल्या प्रश्नापासून पहिल्या उपप्रश्नापर्यंत सतरा वर्षे लागली, यावरून कोणत्या अधिकाराची सत्तेला अधिक अडचण वाटते हे कळते.

तारांकित आणि अतारांकित म्हणजे काय?

लोकसभेत कामकाजाचा पहिला तास, म्हणजे सकाळी ११ ते १२, प्रश्नोत्तरांसाठी असतो. राज्यसभेत २०१४ पासून हा तास दुपारी १२ वाजता सुरू होतो. ज्या प्रश्नाचे उत्तर मंत्र्यांनी सभागृहात उभे राहून द्यावे अशी सदस्याची अपेक्षा असते, त्यावर तारेची खूण करतात. तो तारांकित प्रश्न. त्यावर उपप्रश्न विचारता येतात. ज्याला केवळ लेखी उत्तर पुरेसे असते तो अतारांकित.

लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. सूचना याहून पुष्कळ अधिक येत असल्यामुळे कोणाचा प्रश्न लागणार हे सोडत काढून ठरते. सदस्याला साधारणपणे किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि एका दिवसाच्या यादीत त्याचा एकच तारांकित प्रश्न लागू शकतो. यादीतले सगळे वीस प्रश्न तोंडी होणे अगदी दुर्मीळ आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका दिवशी ते झाले, तेव्हा १९७२ नंतर प्रथमच तसे घडल्याची नोंद झाली. ज्यांची पाळी येत नाही त्या तारांकित प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात, म्हणजेच अधिकृत नोंदीत जातात.

या नोंदीचे मोल ऊस उत्पादकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी रिकामी झाली की तो तोंडी सांगितलेल्या आकड्यावर घरी जात नाही, पावती घेतो. पुढे बिलावरून वाद झाला तर तीच उपयोगी पडते. मंत्र्यांच्या सभेतल्या भाषणात आणि सभागृहातल्या उत्तरात हाच फरक आहे. भाषणाचा नंतर इन्कार करता येतो, विपर्यास केला असे म्हणता येते. सभागृहातल्या उत्तरावर मात्र क्रमांक असतो, तारीख असते आणि मंत्र्यांचे नाव असते.

कोणता प्रश्न घेतला जातो आणि कोणता परत येतो?

लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्नात युक्तिवाद, तर्क, उपरोध किंवा बदनामीकारक विधान चालत नाही. मंत्र्यांचे मत विचारता येत नाही, जर-तरची कल्पना मांडून विचारता येत नाही, आणि ज्याचे उत्तर आधीच देऊन झाले आहे तेच पुन्हा विचारता येत नाही. प्रश्नाची लांबी १५० शब्दांपेक्षा जास्त नसावी. सर्वांत महत्त्वाची अट अशी की विषय केंद्र सरकारच्या जबाबदारीतला हवा.

आपल्या भागातले बरेच प्रश्न याच शेवटच्या अटीवर अडखळतात, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी. उसाची एफआरपी केंद्र सरकार ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ हाही केंद्राचा आहे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे, हे त्यातच लिहिले आहे. परंतु प्रत्यक्ष थकबाकी वसूल करून देण्याचे काम राज्याच्या यंत्रणेकडे असते. म्हणून ‘अमुक कारखान्याने पैसे का दिले नाहीत’ असे लोकसभेत विचारले, तर हा राज्य सरकारच्या अखत्यारीतला विषय आहे असे उत्तर हमखास मिळते. तोच प्रश्न ‘गेल्या तीन हंगामांतली राज्यनिहाय थकबाकी किती, १४ दिवसांच्या तरतुदीच्या पालनाचा आढावा केंद्राने कधी घेतला’ असा विचारला, तर केंद्राला आकडे द्यावे लागतात. महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये एफआरपी हप्त्यांत देण्याचा शासन निर्णय काढला आणि मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो रद्द केला, तेव्हा वादाच्या मुळाशी हाच मुद्दा होता: केंद्राच्या आदेशात जे लिहिले आहे ते राज्याला बदलता येते का?

बेदाण्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. जीएसटीचे दर केंद्र आणि राज्ये मिळून बनलेल्या जीएसटी परिषदेच्या शिफारशीने ठरतात. शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर हा कर लागू होत नाही, हा खुलासाही डिसेंबर २०२४ मध्ये परिषदेच्या बैठकीतूनच आला. त्यामुळे तासगावच्या उत्पादकांसाठी कराचा प्रश्न विचारणाऱ्या खासदाराने केवळ ‘दर कमी करणार काय’ असे विचारून थांबू नये. ‘हा विषय परिषदेपुढे कोणत्या बैठकीत आला, कोणत्या राज्याने मांडला’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला परिषदेकडे बोट दाखवता येते. दुसऱ्याला माहितीच द्यावी लागते.

एक प्रश्न आणि त्याची संभाव्य उत्तरे

आता एक नमुना जवळून पाहू. कृष्णेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर सांगलीत आयर्विन पुलाखालची पातळी ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका या मापांत प्रत्येक घरात बोलली जाते, आणि तिच्यासोबत अलमट्टीचे नावही निघते. धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा आग्रह जुना आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये त्याला अनुकूल निवाडा दिला. मात्र तो राजपत्रात प्रसिद्ध करू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला.

समजा, एखाद्या खासदाराने विचारले: ‘जलशक्ती मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (क) अलमट्टीची उंची वाढवण्याचा प्रस्ताव प्राप्त झाला आहे काय, (ख) असल्यास, त्याचा तपशील काय, (ग) असल्यास, धरणामुळे सांगली जिल्ह्यात मागे साचणाऱ्या पाण्याचा, म्हणजे फुगवट्याचा, अभ्यास झाला आहे काय?’ प्रश्न रीतसर आहे, सभ्य आहे आणि फसलेला आहे. ‘(क) नाही. (ख) व (ग) प्रश्न उद्भवत नाही’ एवढ्या दोन ओळींत तो निकालात निघू शकतो. ‘असल्यास’ या शब्दाने पुढची दोन्ही कलमे पहिल्या कलमाला बांधलेली आहेत. पहिले पडले की ती आपोआप पडतात. आपल्या विधिमंडळातही ‘हे खरे आहे काय, असल्यास, नसल्यास’ अशीच प्रश्नांची मांडणी असते आणि ‘हे खरे नाही’ या तीन शब्दांवर पानभर प्रश्न संपल्याची उदाहरणे जुन्या यादीत जागोजागी सापडतात. म्हणून जाणता सदस्य फुगवट्याचे कलम सुटे ठेवतो: केंद्रीय जल आयोगाने कृष्णा खोऱ्यातल्या पुराचे कोणकोणते अभ्यास केले, ते कधी केले, अहवाल उपलब्ध आहेत काय. प्रस्ताव आलेला असो वा नसो, या कलमाला उत्तर द्यावेच लागते.

उत्तर वाचतानाही असेच शब्दांकडे पाहावे लागते. ‘प्रस्ताव प्राप्त झालेला नाही’ याचा अर्थ इतकाच की त्या तारखेपर्यंत त्या मंत्रालयात कागद पोहोचलेला नाही; प्रस्ताव तयारच होत नाही असे त्यातून सिद्ध होत नाही. ‘प्रस्ताव विचाराधीन नाही’ हे त्याहून थोडे अधिक बांधून घेणारे विधान आहे, तरी तेही त्या दिवसापुरतेच असते. ‘पाणी हा राज्याचा विषय आहे’ हे उत्तर अर्धे खरे आहे, कारण घटनेच्या राज्यसूचीत पाणी असले तरी आंतरराज्य नद्यांचे नियमन केंद्रसूचीतल्या ५६ व्या नोंदीत आहे. हे उत्तर आले तर उपप्रश्न तिथेच विचारला पाहिजे. ‘बाब न्यायप्रविष्ट आहे’ असे म्हटले तर वादाच्या गुणदोषांवर बोलता येत नाही हे मान्य. पण न्यायालयात केंद्राने कोणती भूमिका मांडली, याची माहिती मागता येते. आणि ‘माहिती गोळा करण्यात येत असून ती पटलावर ठेवण्यात येईल’ हे जे उत्तर वाचून सामान्य माणूस निराश होतो, ते खरे तर सर्वांत उपयोगी उत्तर आहे. संसदेच्या भाषेत ते आश्वासन ठरते. लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे, अशी आश्वासने तीन महिन्यांत पूर्ण व्हावीत असा दंडक आहे, आणि विलंब झाला तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते.

उत्तर आधीच लिहिलेले असते, मग तोंडी विचारण्याचा उपयोग काय?

ही शंका योग्य आहे. तारांकित प्रश्नाचे मूळ उत्तर अधिकारी तयार करतात, ते आदल्या टप्प्यांवर तपासले जाते आणि पुष्कळदा मंत्री ‘निवेदन पटलावर ठेवले आहे’ एवढेच म्हणून खाली बसतात. खरी परीक्षा उपप्रश्नापासून सुरू होते. त्यासाठीही अधिकारी संभाव्य उपप्रश्नांचे जाडजूड टिपण देतात आणि गॅलरीत बसून प्रसंगी चिठ्ठीही पाठवतात. तरीही कोणता उपप्रश्न येईल हे मंत्र्यांना ठाऊक नसते आणि विषय किती समजला आहे हे त्या दोन मिनिटांत लपत नाही.

१९५७ चे मुंदडा प्रकरण या संदर्भात आजही वाचण्यासारखे आहे. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले होते. लोकसभेत त्याबद्दल प्रश्न विचारला गेला, मिळालेल्या उत्तराने समाधान झाले नाही, आणि फिरोझ गांधी यांनी हा विषय सभागृहात चर्चेला आणून लावून धरला. पुढे न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या आयोगाने जाहीर चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. फिरोझ गांधी सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार होते. सत्ताधारी पक्षाचे सदस्य सरकारला सोयीचे प्रश्न विचारून तास भरून काढतात ही आजची तक्रार अनेकदा खरी असते. परंतु तो नियमांचा दोष नाही. नियम सत्ताधारी सदस्यालाही अवघड प्रश्न विचारू देतात. तो विचारावा की नाही, हे त्याला निवडून देणारे मतदार काय अपेक्षा ठेवतात यावर बरेच अवलंबून असते.

पंतप्रधान स्वतः उत्तरे का देत नाहीत?

ब्रिटनच्या संसदेत पंतप्रधानांसाठी प्रश्नांची वेगळी वेळ आहे. १९६१ पासून ती आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटे होती आणि १९९७ पासून दर बुधवारी अर्धा तास असते. आपल्याकडे अशी स्वतंत्र वेळ नाही. आपल्या पद्धतीत प्रश्न खात्याला विचारला जातो. मंत्रालयांचे पाच गट करून त्यांना आठवड्याचे वार ठरवून दिलेले असतात. पंतप्रधानांकडे असलेल्या कार्मिक, अणुऊर्जा, अवकाश यांसारख्या खात्यांचे प्रश्न लोकसभेत बुधवारी येतात आणि त्यांची उत्तरे बहुधा राज्यमंत्री देतात. कराडचे पृथ्वीराज चव्हाण २००४ ते २०१० या काळात पंतप्रधान कार्यालयाचे राज्यमंत्री होते. ही जबाबदारी त्यांनी सांभाळली आहे.

ब्रिटनसारखी वेळ आपल्याकडेही असावी, अशी मागणी अधूनमधून होते. मला ती रास्त वाटते. अनेक खात्यांना छेदून जाणाऱ्या धोरणांबद्दल कोणत्याही एका मंत्र्याला पूर्ण उत्तर देता येत नाही. साखरेचेच पाहा: किमान विक्री किंमत अन्न मंत्रालय पाहते (फेब्रुवारी २०१९ मध्ये ती किलोला ३१ रुपये ठरली), इथेनॉल खरेदी पेट्रोलियम मंत्रालयाकडे असते, निर्यातीच्या अधिसूचना वाणिज्य मंत्रालयातून निघतात आणि सहकाराचे मंत्रालय आता वेगळे आहे. चार खात्यांनी वेगवेगळी दिलेली उत्तरे जोडून धोरण समजून घ्यायचे काम नागरिकावर पडते. मात्र ब्रिटनमधला तो अर्धा तास चित्रफितींसाठीच गाजतो, आणि तपशील तिथेही खात्यांच्या उत्तरांतच सापडतो, हेही लक्षात ठेवावे लागेल.

मंत्र्यांनी चुकीची माहिती दिली तर?

उत्तरात चूक आहे असे वाटल्यास सदस्य लोकसभा अध्यक्षांच्या निदेश ११५ खाली ती लेखी दाखवून देऊ शकतो. मंत्र्यांनाही नंतर दुरुस्तीचे निवेदन करता येते आणि तसे ते करतातही. जाणूनबुजून दिशाभूल केल्याचा आरोप असेल तर हक्कभंगाचा मार्ग आहे. उत्तराने समाधान झाले नाही, तर त्याच विषयावर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. प्रश्न विचारणाऱ्यालाही मर्यादा आहेत: पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये दोन्ही सभागृहांतल्या मिळून ११ खासदारांचे सदस्यत्व गेले.

काही माहिती राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने नाकारता येते आणि कधी कधी ते योग्यही असते. १९६२ च्या पराभवानंतर संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्यात जन्मलेले आणि कराडात वाढलेले, यांच्यापुढे हाच पेच होता. युद्धातल्या त्रुटींच्या चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल त्यांनी सभागृहापुढे ठेवला नाही. परंतु प्रशिक्षण, साधनसामग्री, नेतृत्व यांबाबतच्या निष्कर्षांचा गोषवारा सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेत निवेदन करून सांगितला. अहवाल का देता येत नाही हे सांगणे आणि सांगता येण्यासारखे तेवढे सांगणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी सभागृहात उभे राहून केल्या. तो अहवाल आजवर अधिकृतपणे खुला झालेला नाही, याबद्दल मात्र वेगळी चर्चा होऊ शकते.

गोंधळात तास वाहून गेला तर कोणाचे नुकसान?

लेखी उत्तरे तेव्हाही पटलावर येतात. बुडतात ते उपप्रश्न. सरकारला जे आधीच लिहून ठेवता येते ते सुरक्षित राहते, आणि जे त्याला आयत्या वेळी सांगावे लागले असते तेवढेच निसटते. गोंधळ कोणीही सुरू केला, कारण कितीही गंभीर असले, तरी त्यातून उत्तर देणाऱ्याचीच सोय होते, असे माझे स्पष्ट मत आहे. १९६२ च्या युद्धकाळात, १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाल्यानंतरच्या अधिवेशनात आणि सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या काळात हा तास अधिकृतपणेच रद्द ठेवला गेला होता. २०२० मध्ये अतारांकित प्रश्नांची उत्तरे मिळत राहिली, पण स्थलांतरित मजुरांपासून शेतीच्या कायद्यांपर्यंत एवढे विषय तापलेले असताना मंत्र्यांना तोंडी उपप्रश्न विचारता आले नाहीत, ही उणीव लहान नव्हती.

आपला प्रश्न सभागृहापर्यंत कसा न्यावा?

प्रश्न विचारण्याचा हक्क सदस्याचा आहे. पण विषय सुचवण्याचा मार्ग कोणालाही मोकळा आहे. द्राक्ष बागायतदारांचा गट, हळदीचे व्यापारी, पूरग्रस्त गावाची ग्रामपंचायत किंवा एखादा शिक्षकही आपल्या खासदाराच्या कार्यालयात लेखी टिपण देऊ शकतो. ते अधिवेशनाच्या बरेच आधी द्यावे, कारण पंधरा दिवसांची मुदत आणि सोडत दोन्ही मध्ये येतात. टिपणात भावना कमी आणि कागद अधिक असावेत: कोणते मंत्रालय, कोणता आदेश, कोणती तारीख, कोणता आकडा हवा आहे. विषय आमदाराचा की खासदाराचा हे आधी ठरवावे. कालव्याचे आवर्तन, पंचनामे, महावितरण हे विषय मुंबई-नागपूरचे आहेत आणि तिथे तारांकित प्रश्नाबरोबर लक्षवेधीही (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना) मांडता येते.

टिपण देण्यापूर्वी संसदेच्या संकेतस्थळावर तो विषय शोधून पाहावा. दोन्ही सभागृहांची प्रश्नोत्तरे तिथे मंत्रालय, सदस्य आणि तारखेनुसार मोफत मिळतात. पूर्वी दिलेले उत्तर सापडले तर त्याचा क्रमांक आणि तारीख टिपणातच लिहावी, म्हणजे ‘अमुक तारखेच्या उत्तरात माहिती गोळा करत असल्याचे म्हटले होते, ती मिळाली काय’ अशी सुरुवात करता येते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारल्याच्या कारणावरून सूचना परतही येत नाही.